चारही चाकांना चालना देणारी मोठी गाडी : फेरबदल आणि दुरुस्ती

चेन्नई शहराच्या मध्यभागी, एगमोर रेल्वे स्थानकापासून थोड्याच अंतरावर, कूवम नदीच्या काठी पुदुपेट नावाची वस्ती आहे. जुन्या मोटारगाड्या मोडून त्यांचे सुटे भाग विकणारी बाजारपेठ म्हणून हे नाव दक्षिण भारतातील मोटारमालकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. येथे आलेल्या गाडीचे दरवाजे एका दुकानात जातात, एंजिन दुसऱ्या, गिअरबॉक्स तिसऱ्या. आणि उरलेला सांगाडा भंगाराच्या काट्यावर चढतो. कारखान्यात जे घडते त्याच्या नेमके उलट येथे घडत असते. परंतु या उलट्या प्रवासातूनच दुसरी एखादी गाडी पुन्हा रस्त्यावर येते. कोणाला जुना एक्सल हवा असतो, कोणाला डिझेल एंजिन, तर कोणाला केवळ एखादे दंतचक्र.

अशा बाजारात जो ग्राहक चारही चाकांना चालना देणाऱ्या, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह प्रकारच्या मोठ्या गाडीसाठी भाग शोधीत येतो, त्याचे काम इतरांपेक्षा अवघड असते. भाग मिळणे ही त्याची एक अडचण झाली. त्याहून मोठी अडचण अशी की, मिळालेला भाग बसला म्हणजे जुळला, असे या गाडीच्या बाबतीत म्हणता येत नाही. असे का होते, आणि अशा गाडीत फेरबदल किंवा दुरुस्ती करताना कोणत्या गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

गाड्या बांधणारे शहर

चेन्नईला, म्हणजे १९९६ पर्यंतच्या मद्रासला, वाहने बांधण्याची जुनी परंपरा आहे. १८४० मध्ये स्थापन झालेली सिम्प्सन आणि कंपनी ही पेढी प्रथम घोडागाड्या बांधीत असे. याच पेढीतील सॅम्युएल जॉन ग्रीन या अभियंत्याने १९०३ मध्ये वाफेवर चालणारी मोटारगाडी तयार केली. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात सिम्प्सनने सेंबियम येथे पर्किन्स रचनेची डिझेल एंजिने बनविण्यास सुरुवात केली. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मालमोटारींची एंजिने काढून त्यांच्या जागी डिझेल एंजिने बसविण्याचे काम देशात मोठ्या प्रमाणावर झाले, त्यात या एंजिनांचा वाटा होता.

शहराच्या उत्तरेस एन्नोर येथे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या अशोक मोटर्सचे १९५५ मध्ये अशोक लेलँडमध्ये रूपांतर झाले. पश्चिमेस आवडी येथे १९६१ मध्ये अवजड वाहनांचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९६५ मध्ये तेथून ‘विजयंता’ रणगाडा बाहेर पडला. दक्षिणेकडे वंडलूरजवळ स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स या कंपनीचा कारखाना होता. हेरल्ड व गझेल या मोटारींबरोबरच ‘स्टँडर्ड २०’ नावाची व्हॅनही ही कंपनी बनवीत असे. १९८८ च्या सुमारास हा कारखाना बंद पडला.

‘स्टँडर्ड २०’चे एंजिन आपली शक्ती मागच्या चाकांना देत असे. महाराष्ट्रातील वाचकांच्या चांगल्या परिचयाची, पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होणारी मॅटाडोर व्हॅन मात्र पुढच्या चाकांनी ओढली जाई. दोन्ही गाड्यांनी आपापल्या परीने उत्तम काम दिले. परंतु चिखलात, ओढ्याच्या वाळूत किंवा डोंगरातील कच्च्या चढावर दोघींचीही मर्यादा एकच होती. शक्ती मिळालेली दोन चाके जागच्या जागी फिरू लागली की उरलेली दोन चाके काहीच मदत करू शकत नसत.

ही उणीव भरून काढणाऱ्या गाड्या भारतात प्रथम सैन्याच्या गरजेतून आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेल्या जीप आणि मालमोटारी खाजगी मालकांच्या हाती गेल्या. पुढे महिंद्र कंपनीने जीप भारतातच बांधण्यास आरंभ केला. जबलपूरच्या सरकारी कारखान्यात निस्सान कंपनीच्या रचनेवर आधारलेली एक-टनी गाडी आणि ‘जोंगा’ ही गाडी तयार होऊ लागली. या गाड्यांना सुमारे चार लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल एंजिन असे. सैन्याच्या सेवेतून निवृत्त झालेल्या अशा गाड्या कमी किमतीत मिळत. पण पेट्रोलचा खर्च मालकाला झेपत नसे. मग डिझेल एंजिन बसविण्याचा विचार सुरू होई, आणि तेथूनच फेरबदलांची मालिका सुरू होत असे.

बंद बांध्याच्या मोठ्या व्हॅनची कथा परदेशातही अशीच आहे. फोर्ड कंपनीची ‘इकोनोलाइन’ व्हॅन अमेरिकेत अनेक दशके खपली. चारही चाकांची चालना तिला बाहेरच्या कार्यशाळा देत असत. त्यासाठी पुढची मूळ रचना काढून मालमोटारीचा भक्कम एक्सल तेथे बसविण्यात येई. रशियातील उल्यानोव्स्क येथे १९६५ पासून तयार होणारी छोटी व्हॅन मात्र मुळातच चारही चाकांसाठी आखलेली होती. जर्मनीच्या फोक्सवागेन कंपनीने १९८५ मध्ये ‘सिंक्रो’ व्हॅन बाजारात आणली, तेव्हा तिचे काम ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील स्टायर-डाइमलर-पुख या अनुभवी कारखान्याकडे सोपविले. आखणीच्या वेळीच चारही चाकांचा विचार करणे आणि तयार गाडीत नंतर भर घालणे, या दोहोंत किती अंतर आहे, हे या उदाहरणांवरून दिसून येते.

शक्ती चाकांपर्यंत कशी पोहोचते

एंजिनाची शक्ती क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. साध्या गाडीत ती तेथून एका लांब दांड्यामार्फत, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टमार्फत, मागच्या एक्सलकडे जाते. चारही चाकांच्या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते. तिला कारागीर ट्रान्स्फर केस म्हणतात. आलेल्या शक्तीच्या दोन वाटा करून एक पुढच्या व एक मागच्या एक्सलकडे पाठविणे, हे या पेटीचे काम. बहुतेक पेट्यांमध्ये वेग आणखी कमी करून जोर वाढविणारा ‘लो’ गिअरही असतो.

या गिअरचा परिणाम किती मोठा असतो, हे जुन्या सी. जे. ३ बी जीपच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तिच्या पहिल्या गिअरचे प्रमाण सुमारे २.८, ट्रान्स्फर केसच्या लो गिअरचे २.४६ आणि एक्सलमधील दंतचक्रांचे ५.३८ आहे. या तिन्ही आकड्यांचा गुणाकार सुमारे ३७ येतो. म्हणजे चाकाचा एक फेरा पूर्ण होण्यासाठी एंजिनाला ३७ फेरे घ्यावे लागतात. आणि घर्षणात वाया जाणारा भाग सोडला तर एंजिनाच्या पिळाचा जोर एक्सलपाशी जवळजवळ ३७ पट होतो. गाडी माणसाच्या चालीने चालते, पण चढ चढते.

आता वळणाचा विचार करू. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर तोडावे लागते. हा फरक सांभाळण्यासाठी प्रत्येक एक्सलच्या मध्यभागी डिफरेन्शियल नावाचा दंतचक्रांचा संच बसविलेला असतो. पण फरक केवळ डाव्या-उजव्या चाकांतच नसतो. समजा, पुढच्या आणि मागच्या एक्सलमधील अंतर ३ मीटर आहे आणि मागच्या एक्सलचा मध्य ८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत आहे. अशा वेळी पुढच्या एक्सलचा मध्य सुमारे ८.५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो. एका पूर्ण फेऱ्यात मागचा एक्सल सुमारे ५०.३ मीटर जातो, तर पुढचा सुमारे ५३.७ मीटर.

हा ३.४ मीटरचा फरक कोणीतरी सहन केला पाहिजे. जुन्या जीपमध्ये पुढचे व मागचे शाफ्ट ट्रान्स्फर केसमध्ये घट्ट जोडले जातात. त्यामुळे चिखलात किंवा वाळूत चाके किंचित घसरून हा फरक भरून काढतात. परंतु कोरड्या डांबरी रस्त्यावर ती घसरू शकत नाहीत. शाफ्ट, दंतचक्रे आणि जॉइंट यांत ताण साठत जातो, सुकाणू जड होते आणि अखेरीस सर्वांत दुबळा भाग तुटतो. म्हणूनच अशा गाडीची चार चाकांची चालना पक्क्या कोरड्या रस्त्यावर वापरू नये, असा नियम आहे. सदैव चारही चाके चालविणाऱ्या गाड्यांत मध्यभागी तिसरे डिफरेन्शियल, दाट सिलिकॉन द्रवाने भरलेला जोड किंवा विद्युत्-नियंत्रित क्लच बसवून ही अडचण दूर केलेली असते.

एक बदल, अनेक परिणाम

वर सांगितलेली रचना ही एक साखळी आहे. तीत केलेल्या प्रत्येक बदलाचा भार कोठे ना कोठे जाऊन पडतो. समजा, चेन्नईतील एखाद्या सेवाभावी संस्थेने जव्वादु टेकड्यांतील खेड्यांसाठी फिरता दवाखाना सुरू करावयाचे ठरविले आणि त्यासाठी सैन्यातून निवृत्त झालेली एक-टनी गाडी घेतली. तिच्यात डिझेल एंजिन बसवावयाचे, बंद बांध्याची उंच बॉडी चढवावयाची, मोठे टायर लावावयाचे आणि खडकाळ वाटेसाठी गाडी थोडी उचलून घ्यावयाची, असा बेत आहे. या चारही गोष्टी कोणत्याही चांगल्या कार्यशाळेत होऊ शकतात. त्यांचे परिणाम क्रमाने पाहू.

डिझेल एंजिन सामान्यतः समान शक्तीच्या पेट्रोल एंजिनापेक्षा वजनदार असते, कमी फेऱ्यांवर चालते आणि पिळाचा जोर अधिक देते. वजन वाढल्याने पुढचे पाटे बसतात आणि ब्रेकवरील भार वाढतो. फेरे कमी असल्याने तेच दंतचक्रांचे प्रमाण ठेवल्यास गाडीचा रस्त्यावरील वेग घटतो. पिळाचा वाढलेला जोर मात्र लो गिअरमध्ये गुणला जाऊन एक्सलच्या दांड्यांवर येतो. ज्या दांड्या पूर्वीच्या एंजिनासाठी आखल्या होत्या त्यांची परीक्षा येथे होते. म्हणून एंजिनाबरोबर क्लच, एंजिनाचे रबरी आधार, रेडिएटर आणि शक्य तेथे एक्सलचे दंतचक्र यांचाही फेरविचार करावा लागतो. जबलपूरच्या कारखान्यानेही १९९० च्या दशकात नागरी ग्राहकांसाठी डिझेलवर चालणारा जोंगा काढला, तेव्हा त्यात अशोक लेलँडचे हिनो रचनेचे एंजिन वापरले होते.

मोठ्या टायरांमुळे गाडीची उंची वाढते आणि मऊ जमिनीवर चाके कमी रुततात. परंतु टायरची त्रिज्या १० टक्क्यांनी वाढली की वेगदर्शक ६० किलोमीटर दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ६६ किलोमीटर वेगाने धावते. जमिनीवरील ओढही सुमारे ९ टक्क्यांनी घटते आणि ब्रेकला तेवढेच अधिक काम पडते. येथे एक सूक्ष्म गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. निसरड्या जागी लहान टायर घसरतो, तेव्हा तो एक्सलचे रक्षणच करीत असतो. मोठा, चांगली पकड घेणारा टायर भारी गाडीखाली खडकात अडकला की घसरत नाही. मग सारा जोर दांड्यावर येतो आणि दांडा पिळून तुटतो.

गाडी उचलण्यासाठी पाट्यांखाली ठोकळे घालणे किंवा अधिक वक्र पाटे बसविणे, असे उपाय केले जातात. त्यामुळे प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो. या शाफ्टच्या दोन्ही टोकांना ‘क्रॉस’ असलेले जॉइंट असतात. असा जॉइंट कोनात फिरताना पुढच्या भागाला एकसारखा वेग देत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा वेग वाढवितो आणि दोनदा कमी करतो. ५ अंशांच्या कोनात हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो. २० अंशांच्या कोनात तो दोन्ही बाजूंना सुमारे ६ टक्के होतो. दोन्ही टोकांचे कोन समान असतील आणि जॉइंट योग्य दिशेने जुळविलेले असतील, तर एकाची चूक दुसरा दुरुस्त करतो. केवळ गाडी उचलली आणि एक्सलचा कल तपासला नाही, तर हा मेळ बिघडतो. गाडी ठरावीक वेगाला थरथरू लागते, क्रॉस लवकर झिजतात आणि ट्रान्स्फर केसचे तेलाचे सील गळू लागते. मालक वारंवार सील बदलीत राहतो. वस्तुतः दोष सीलचा नसतोच.

सर्वांत गंभीर परिणाम उंच बॉडीचा होतो, कारण तेथे प्रश्न आत बसलेल्या माणसांचा असतो. गाडी उलटेल किंवा नाही, हे मुख्यतः दोन मापांवर अवलंबून असते : डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. चाकांमधील अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.७५ मीटर उंचीवर असेल, तर हिशेबाप्रमाणे गाडी ४५ अंशांच्या आडव्या उतारावर कलंडेल. फेरबदलांमुळे गुरुत्वमध्य केवळ १५ सेंटिमीटरनी वर गेला, तर हा कोन सुमारे ४० अंशांवर येतो. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर उलटण्याची सैद्धान्तिक मर्यादा ताशी सुमारे ६२ किलोमीटरवरून ५६ किलोमीटरवर उतरते. प्रत्यक्षात पाटे दबतात, टायर वाकतात, औषधांच्या पेट्या सरकतात आणि टपावर सामान लादलेले असते. त्यामुळे खरी मर्यादा या आकड्यांहून बरीच खाली असते. आणि मोठ्या टायरांमुळे वेगदर्शक प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवीत असतो, हे आपण वर पाहिलेच आहे. दोन स्वतंत्र वाटणारे बदल एकाच वळणावर असे एकत्र येतात.

याचा अर्थ हा बेत सोडून द्यावा, असा नव्हे. जड सामान आणि पाण्याची टाकी जमिनीलगत चॅसीच्या दोन्ही बाजूंस बसविणे, टप हलके ठेवणे, गाडी गरजेपुरतीच उचलणे, टायर मूळ मापाच्या जवळचेच निवडणे आणि भरलेल्या गाडीचे पुढचे व मागचे वजन काट्यावर स्वतंत्रपणे मोजून घेणे, एवढ्या गोष्टी पाळल्या तरी ती गाडी पुष्कळ सुरक्षित होते.

दुरुस्तीतील काही नियम

दोन चाकांच्या गाडीवर हात बसलेला कारागीर चार चाकांच्या गाडीशी वागताना काही सवयी बदलून घेतो. पहिली सवय जॅकची. जुन्या जीपमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसमागच्या शाफ्टवर असतो. हातब्रेक ओढून मागचे एक चाक जॅकवर उचलले, तर डिफरेन्शियलमुळे उचललेले चाक एका दिशेने आणि जमिनीवरचे चाक दुसऱ्या दिशेने फिरू शकते. ब्रेक लागलेला असतानाही गाडी पुढे सरकून जॅकवरून खाली येते. तिच्याखाली माणूस असला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. म्हणून जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्यावाचून आणि चॅसीखाली भक्कम आधार दिल्यावाचून कोणीही खाली शिरू नये. त्याचप्रमाणे सदैव चारही चाके चालविणाऱ्या गाडीचे एक चाक उचलून एंजिन गिअरमध्ये चालवू नये. जमिनीवर टेकलेली चाके गाडी ओढून नेतात.

दुसरी सवय टायरांची. दोन चाकांच्या गाडीत एक जोडी नवी आणि एक जुनी असली तरी फारसे बिघडत नाही. येथे तसे नाही. पुढच्या टायरचा परीघ २२० सेंटिमीटर आणि मागच्याचा २१५ सेंटिमीटर असेल, तर एका किलोमीटरमध्ये मागचे चाक पुढच्यापेक्षा सुमारे साडेदहा फेरे अधिक घेते. सरळ रस्त्यावरसुद्धा हा फरक शाफ्टमध्ये ताण निर्माण करतो किंवा मधल्या जोडाला अखंड राबवून तापवितो. म्हणून चारही टायर एकाच मापाचे, शक्य तर एकाच बनावटीचे आणि जवळजवळ सारखे झिजलेले असावेत, आणि त्यांतील हवा कारखान्याने नेमून दिलेल्या दाबाची असावी. पुढचा आणि मागचा एक्सल यांच्या दंतचक्रांचे प्रमाणही जुळलेच पाहिजे. जुन्या बाजारातून एक्सल घेताना त्याची लांबी आणि बोल्टांची छिद्रे पाहून भागत नाही. आतील दंतचक्रांचे दाते मोजून घ्यावेत. प्रमाणातील लहानसा फरकही टायरांतील फरकासारखाच विध्वंसक ठरतो.

गाडी बंद पडल्यावर ओढून नेतानाही हाच विचार करावा. जमिनीवर राहिलेली चाके शाफ्टांमार्फत ट्रान्स्फर केस फिरवीत राहतात आणि काही रचनांत अशा वेळी तेल वरच्या भागांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून गाडी ट्रकवर चढवून न्यावी किंवा कारखान्याच्या सूचनेप्रमाणे शाफ्ट सोडवून ओढावी.

पाण्याचा धडा

चेन्नईच्या बाबतीत एका विषयाचा वेगळा उल्लेख केलाच पाहिजे, तो म्हणजे पाणी. डिसेंबर २०१५ मध्ये अतिवृष्टी आणि अड्यार नदीचा पूर यांमुळे शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले. डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी पुन्हा तसाच प्रसंग आला. अशा वेळी उंच, चार चाकांची गाडी उपयोगी पडते खरी. परंतु तिच्या यंत्रणेत पाणी शिरण्याच्या जागाही अधिक असतात. साध्या गाडीत एक एक्सल तेलाने भरलेला असतो. येथे दोन एक्सल आणि ट्रान्स्फर केस असते.

धावून तापलेला एक्सल थंड पाण्यात बुडाला की आतील हवा आकसते. हवा आत-बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या श्वसननळीतून, ती चोंदलेली असल्यास तेलाच्या सीलमधून, पाणी आत ओढले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. काही दिवसांनी तेल दुधाळ होते, बेअरिंगांवर गंज चढतो आणि काही महिन्यांनी, जेव्हा पुराची आठवणही पुसट झालेली असते, तेव्हा एक्सल आवाज करू लागतो. म्हणून पाण्यातून गेलेल्या गाडीच्या दोन्ही एक्सलांचे, गिअरबॉक्सचे आणि ट्रान्स्फर केसचे तेल त्वरित तपासावे. ते दुधाळ दिसल्यास काढून टाकून नवे भरावे आणि थोडे अंतर चालविल्यावर पुन्हा एकदा बदलावे. पुढच्या चाकांच्या हबमधील ग्रीस काढून बेअरिंगे धुऊन पुन्हा भरावीत. श्वसननळीला रबरी नळी जोडून तिचे टोक एंजिनाच्या वरच्या भागापर्यंत नेणे, हा अत्यंत स्वस्त फेरबदल आहे आणि त्याला कोणताही दुष्परिणाम नाही.

बुडालेल्या गाडीचे एंजिन मात्र चालू करून पाहू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर ते दाबले जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. केवळ साफसफाईवर निभावले असते असे एंजिन एका किल्लीच्या फेऱ्याने निकामी होते. समुद्रकिनाऱ्यावरील शहरात यात खाऱ्या हवेची भर पडते. चॅसीच्या पोकळ भागांत आणि पाट्यांच्या आधारांशी गंज आतून वाढतो. अशा चॅसीवर नवी बॉडी चढविण्यापूर्वी ती हातोडीने ठोकून आणि खरवडून पाहणे आवश्यक आहे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकात दिलेला तपशील कारखान्याने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. ज्या बदलांना कायद्याने वाव दिला आहे ते नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने आणि मान्यताप्राप्त साहित्य वापरून करावे लागतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदेशीर बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरविली. मंजुरी न घेता एंजिन किंवा बॉडी बदललेल्या गाडीला अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

हे नियम उत्साही मालकांना जाचक वाटतात. परंतु उंच बॉडीचा हिशेब आपण वर केलेला आहे. तो हिशेब प्रवाशाला करता येत नाही. तो केवळ दार उघडून आत बसतो. त्याच्या वतीने कोणीतरी तपासणी करावी, हा कायद्याचा हेतू आहे. आपल्या उदाहरणातील संस्थेने कामाला हात घालण्यापूर्वीच नोंदणी कार्यालयाकडे जाणे श्रेयस्कर. काम झाल्यावर गेल्यास नकार मिळण्याचा संभव असतो आणि पैसाही वाया जातो.

कारखाना बंद झाल्यावर

फोर्ड कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील मोटारींचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला आणि २०२२ मध्ये चेन्नईजवळच्या मराईमलाई नगर येथील कारखान्यातून गाड्या बाहेर पडणे बंद झाले. चारही चाकांच्या चालनेसह मिळणारी ‘एंडेव्हर’ ही मोठी गाडी येथेच तयार होत असे. तिरुवल्लूरजवळ हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात जुळविली जाणारी मित्सुबिशीची ‘पजेरो’ही आता बनत नाही. जोंग्याचे उत्पादन १९९९ मध्येच थांबले. या सर्व गाड्या मात्र रस्त्यावरून नाहीशा झालेल्या नाहीत.

अशा गाड्यांचे आयुष्य दोन गोष्टींवर टिकून असते. एक म्हणजे सुटे भाग, आणि दुसरी म्हणजे ते कसे जुळवावेत याचे ज्ञान. २०२१ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीकृत वाहन-मोडणी केंद्रांसाठी नियम केले. त्यामुळे गाड्या मोडण्याचे काम हळूहळू परवानाधारक केंद्रांकडे जाऊ लागले आहे. चोरीच्या गाड्यांना आळा बसणे, तेल व ॲसिड जमिनीत न मुरणे, हे त्यातील लाभ उघड आहेत. परंतु कोणत्या एक्सलमध्ये किती दात्यांचे दंतचक्र असते, कोणता सील कोणत्या गाडीला चालतो, कोणता भाग बसतो पण टिकत नाही, ही माहिती बहुधा कोठे लिहिलेली नसते. ती कारागिरांच्या स्मरणात असते आणि गुरूकडून शिष्याकडे जाते. नव्या गाड्यांमध्ये चाकांमधील शक्तीची वाटणी संगणक करतो. जुना भाग बसविल्यावर त्याची ओळख त्या संगणकाला करून द्यावी लागते. त्यामुळे पूर्वी हाताने आणि कानाने होणाऱ्या निदानाला आता मापनयंत्राची जोड लागते. तत्त्व मात्र तेच राहते. संगणकालाही चारही टायर सारखे आहेत, असेच गृहीत धरून चालावे लागते.

म्हणून मोठ्या, चार चाकांच्या गाडीचा मालक आणि कारागीर या दोघांनीही एक वही ठेवावी, ही सूचना क्षुल्लक वाटली तरी महत्त्वाची आहे. तीत गाडीच्या प्रत्येक दंतचक्राचे प्रमाण, टायरांचे मूळ माप, भरलेल्या गाडीचे दोन्ही एक्सलांवरील वजन, केलेला प्रत्येक बदल आणि त्याची तारीख नोंदवावी. कोणताही नवा बदल करण्यापूर्वी, या बदलाचा भार आता कोणत्या भागावर जाणार आहे, हा प्रश्न विचारावा आणि त्याचे उत्तर त्याच वहीत लिहून ठेवावे. उत्तर सापडत नसेल, तर काम थांबवावे. गाडी पुढे दुसऱ्याच्या हाती जाईल, कारागीर बदलेल, कदाचित तिचा कारखानाही उरणार नाही. त्या वेळी गाडीखाली शिरणाऱ्या अनोळखी माणसाला आणि तिच्यात विश्वासाने बसणाऱ्या रुग्णाला या नोंदींचाच आधार असेल.